डाव्या पावलाचं माप

मापं घेण्याची खोड मला नोकरीनं लावली. वालचंदनगरला कारखान्यात मी तपासणी खात्यात होतो. उसाच्या गिरणीचे मोठाले रोलर, शाफ्ट, सगळं आमच्या हातून पास झाल्याशिवाय बाहेर पडत नसे. निवृत्त होऊन जळोचीत घर बांधलं, तरी खोड गेली नाही. एकदा वहिनींनी वाढलेल्या चपातीचा व्यास मी उभा आणि आडवा मोजला होता. आडवा कमी भरला. तेव्हापासून मला वाढताना वहिनी आधी माझ्या खिशाकडे बघतात.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. इंदापूर तालुक्यातली आमची उसाची शेती दादाच बघतो. त्याला शुगर आहे आणि रानात तो अनवाणीच जाणार. डॉक्टरांनी बजावलं, वहिनींनी बूट आणून दिले. ते गोठ्यात खुंटीला लटकतात. चिखलात बूट रुततो, आणि आपल्या रानात पायताण घालून शिरायचं नसतं, ही त्याची ठरलेली दोन उत्तरं. वहिनींना धास्ती होती ती पायाची. शुगरमुळे पाय कापावा लागलेला माणूस त्यांनी माहेरी बघितला होता.

गेल्या हिवाळ्यात उसाच्या कडेला एक भलंथोरलं पाऊल उमटलेलं सापडलं. बिबट्या, असं गावानं ठरवूनही टाकलं. कुणीतरी त्यावर घमेलं पालथं घातलं, वनखात्याचा माणूस येईपर्यंत ठसा मोडू नये म्हणून. आमच्याकडे आता ही रीतच पडली आहे. मी रविवारी पोचलो तेव्हा बांधावर ते घमेलं आणि भोवती अर्धं गाव होतं.

टेप खिशात होताच. घमेलं उचलून ठसा उभा मोजला, मग आडवा. आमच्या खात्याचा हा पहिला धडा: एकाच बाजूनं व्यास घेतला की कुठलाही शाफ्ट गोलच निघतो. काटकोनात दुसरं माप घ्यावं, तेव्हा त्याचं सुटलेलं पोट दिसतं. ठसा माझ्या तळहाताएवढा भरला. पण तिथं आदल्या दिवशी पाणी दिलेलं होतं, आणि ओल्या मातीत पाऊल फाकतं. किती फाकतं, ते कळल्याशिवाय मला चैन पडेना.

मापाच्या हत्याराचा संशय आला की कारखान्यात ते आधी ठाऊक असलेल्या तुकड्यावर लावून बघतात. इथं ठाऊक असलेलं पाऊल हवं होतं, आणि अनवाणी एकटा दादाच होता. मी त्याला आधी वाटेवरच्या कोरड्या फुफाट्यातून चालवलं, मग चिखलातून. लोकांना बिबट्यापेक्षा ही करमणूक बरी वाटली. शेजारच्या तात्यांनी तर विचारलं, की याला पिंजऱ्यात कधी घालणार?

चिखलातला ठसा कोरड्यापेक्षा थोडा मोठा भरला, तो भरणारच होता. पण डावा ठसा उजव्यापेक्षा चांगला बोटभर रुंद होता. त्या बाजूला ओल जास्त असेल, म्हणून दादाला उलट दिशेनं चालवलं. तरी डावाच मोठा. कोरड्यातही डावाच. शिवाय टाच आणि चवडा यांच्यामध्ये उजव्या ठशात मोकळी खाच होती, ती डाव्यात नव्हतीच. सगळाच्या सगळा तळवा मातीला टेकला होता.

मी तिथंच उकिडवा बसलो आणि त्याचं डावं पाऊल हातात घेतलं. एरवी पाडव्याला पाया पडतो तेवढाच त्याच्या पायांना माझा हात लागतो, तोही मान खाली घालून, न बघता. पाऊल गरम लागलं. उजवं गार होतं. मला भीती वाटली. दुखतंय का, म्हणून विचारलं तर दादा हसला.

"दुखत न्हाय काय न्हाय. जरा सुजलाय. ऊसतोड आलीया, आता कुठं दवाखाना?"

तेवढ्यात वनखात्याचा माणूस आला. बिबट्या नखं आत ओढून चालतो, त्यानं सांगितलं, आणि इथं तर नखांच्या खुणा स्पष्ट होत्या. म्हणजे कुत्रं, फार तर लांडगा. गाव हिरमुसलं आणि पांगलं. मी वहिनींना बोलावून दादाचे दोन्ही ठसे शेजारी शेजारी दाखवले. त्यांना मापं सांगायची वेळच आली नाही.

"भावजी, गाडी काढा," त्या म्हणाल्या.

बारामतीचे डॉक्टर मापाच्या बाबतीत माझ्याही वरताण निघाले. दोन्ही घोट्यांचा घेर टेपनं घेतला, दोन्ही पावलांच्या कातडीचं तापमान घेतलं. शाईच्या कागदावर उभं केलं की जिथं भार जास्त तिथं ठसा गडद उमटतो, तेही दाखवलं. बेअरिंग शाफ्टला कुठं टेकतं ते आम्ही निळा रंग लावून असंच बघायचो. भाऊ समोर बसलेला असताना मी हरखून प्रश्न विचारत होतो. एक्स-रेत पावलातली बारीक हाडं मोडलेली दिसली. कमान खाली बसली होती आणि दादा त्यावरच रोज रानभर हिंडत होता. पायाला प्लास्टर लागणार होतं आणि कित्येक महिने तो जमिनीला टेकायचा नव्हता. तळव्याला जखम झाली असती तर पाय वाचवणं अवघड होतं, आता आशा आहे, असं डॉक्टर म्हणाले.

मोडक्या हाडांवर माणूस चालतो कसा, हे मला कळेना. खरं म्हणजे उत्तर एक्स-रेच्या आधीच समोर आलं होतं. डॉक्टरांनी नायलॉनचा एक ताठ धागा दादाच्या हाताला टेकवून दाखवला. असंच पायाला लागलं की सांगायचं, म्हणाले, आणि त्याला झोपवून डोळे मिटायला लावले. दादानं शाळकरी पोरासारखे घट्ट मिटले. धागा डाव्या अंगठ्याला टेकला आणि वाकला. मग चवड्याला टेकला, करंगळीखाली टेकला. मग उजव्या पायाला. वहिनी धाग्याकडे बघत होत्या, मी दादाच्या तोंडाकडे. डॉक्टरांनी धागा बाजूला ठेवला.

दादा डोळे मिटूनच म्हणाला, "मी तयार हाय, डॉक्टर. करा सुरू."