हिरासिंगची मागून उठणारी गाडी

हिरासिंगने जन्मात एकही धड बैल विकत घेतला नाही. ही निंदा नव्हे. फुलसावंगीजवळच्या त्याच्या तांड्यात त्याची ओळखच अशी करून देत. बैलबाजारात लोक दात पाहतात, खांदा चाचपतात आणि खोड निघाली की काढता पाय घेतात. हिरासिंगचा सौदा तिथून पुढे सुरू व्हायचा. मारका, नांगराच्या तासात बसणारा, ट्रक दिसला की उधळणारा, असलं कोणी न घेणारं जनावर तो पडेल किमतीत घरी आणायचा आणि त्याच्याजवळ बसायचा. नुसता बसायचा. हातानं पेंड चारायचा, पाठीवरून हात फिरवायचा. चार-सहा महिन्यांत बैल का बसतो हे त्याला कळायचं आणि बैलालाही हा माणूस कळायचा. मग विकताना तो खोड सांगून विकायचा. "डाव्या अंगानं गेलं का मारते हा. उजव्यानं जा, लेकरावानी वागते." गिऱ्हाईक हसायचं, घेऊन जायचं, आणि भांडायला परत यायचं नाही. खोड लपवून विकणाऱ्याला हिरासिंग माणसांत मोजत नसे.

त्याचे बंजारा पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर हिंडले. ते हिंडणं आज्याच्या काळात थांबलं, तांडा बसला, शेती आली. आता पुन्हा हिंडणं सुरू झालं होतं, फक्त बैलांशिवाय. पुण्याला, हैदराबादला, जिथं मजुरी मिळेल तिथं. तांड्यातल्या निम्म्या घरांना कुलूप. थोरला मुलगा संजय पुण्याला गेला तो तिकडचाच झाला. पहिली काही वर्षं होळीला यायचा, मग होळीला नुसता फोन यायला लागला.

उरला धाकटा, सुनील. तो वणीला एका कोळशाच्या शेठकडे टिप्पर चालवायचा. दूर असला तरी जिल्ह्यातच होता, सणावाराला बायको-लेकीला भेटायला घरी यायचा. यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी शेठचं कंत्राट संपलं, सुनील घरी आला आणि जेवताना म्हणाला, "संजूदादानं पुण्यात काम पाह्यलं. बबिताले आन पोरीले घेऊन जातो म्हनतो."

हिरासिंगच्या बायकोनं, सुखीबाईनं, भाकरी थापायची थांबवली. गव्हाणीत चारा असताना जनावर रस्त्याकडे पाहायला लागलं की ते आपलं राहिलं नाही, हे हिरासिंगनं हजारदा पाहिलं होतं. सुनील जेवताना दाराबाहेर पाहत होता.

पुढच्या घासाला सुनीलनंच विषय बदलायला म्हणून शेठच्या गाडीची गंमत सांगितली. मोठी थोरली परदेशी गाडी, कधीकाळी अख्ख्या वणीत तशी नव्हती. लोखंडी स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या जागी चारही चाकांवर हवेचे फुगे. आता हवा गळते, म्हणून उभी करून ठेवली की पोट टेकून बसते, आणि चालू केली की उठते.

"उठते? कशी उठते?" हिरासिंगनं विचारलं.

"कशी म्हंजे? आधी मागून उठते, मंग पुढून."

हिरासिंगचा हात ताटातच राहिला. घोडा पुढून उठतो. मागून उठतो तो बैल.

दोन दिवसांनी सुनीलची तिकडं राहिलेली पेटी आणायला बाप-लेक वणीला गेले. पेटी हे निमित्त, हे सुनीललाही कळत होतं. गाडी शेठच्या वखारीमागे कोळशाच्या धुळीत बसली होती. काळी, रुंद, पोट जमिनीला लागलेलं. शेठनं हसत किल्ली फिरवली. आतून घरघर झाली, मागचा भाग हळूहळू वर आला, गाडी क्षणभर पुढच्या गुडघ्यांवर थांबली, आणि मग पुढूनही उठून उभी राहिली. हिरासिंगचे डोळे भरून आले. कोणी म्हणेल, म्हाताऱ्याला वेड लागलं. म्हणणाऱ्याचं काय जातं! ज्याचा गोठा रिकामा होत आला आहे त्यानं हे पाहावं आणि मग बोलावं.

शेठ माणूस सरळ होता. त्यानं काही लपवलं नाही. हवा गळते. इंजिन तापतं, म्हणून घडीघडी थांबवून थंड करावं लागतं. आणि गाडी तापली की रिव्हर्स गिअर पडत नाही, पुढे चालते, मागे येत नाही. "मेकॅनिक लोकांनी हात जोडले, काका. भंगारात देनार होतो."

इथंच घात झाला. हिरासिंगच्या बाजारात खोड सांगणारा माणूस म्हणजे खरा माणूस, आणि सांगितलेली खोड म्हणजे अर्धी गेलेली खोड. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढला, शेठच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं धरली. बैलबाजारात भाव असाच बोटांच्या खुणांनी होतो, बघणाऱ्यांना कळू न देता. शेठला त्यातलं ओ की ठो कळेना. त्यानं हसत मोठ्यानं आकडा सांगून टाकला. घरच्या बैलांच्या दोन्ही जोड्या विकल्या तर भागेल एवढा.

"बा, नको," सुनील म्हणाला. "शेठसारखा मानूस रडला हिच्यापायी."

"शेठले येळ नाही. मले आहे."

"बा, आयक ना."

"तू चालव. लग्नाची भाडी मारू. पुसद, उमरखेड, महागाव, कोनाजवळ आहे अशी गाडी? पुन्यात दुसऱ्याची चालवशीन, इथं सोताची चालव."

आता कुठं बापाच्या मनातलं बाहेर आलं. सुनीलनं बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "एक सीझन पाहू," तो म्हणाला. बैलांना घ्यायला व्यापाऱ्याची गाडी आली त्या दिवशी हिरासिंगनं प्रत्येक बैलाची खोड व्यापाऱ्याला नीट सांगितली आणि मग घराच्या मागे जाऊन पोटभर रडला. सुखीबाईनं पाहिलं, पण ती तिकडं गेली नाही.

वणीहून गाडी आणायला सकाळपासून दिवस मावळेपर्यंत वेळ लागला. मारेगाव, करंजी, आर्णी, जिथं झाड दिसेल तिथं हिरासिंग थांबायला लावी. झाकण उघडून गाडीला वारा देई, डब्यानं पाणी पाजी, गार झाली की बोनेटवर थाप मारून "चाल बाबा" म्हणे. सुनील आधी चिडला, मग हसायला लागला. महागावच्या अलीकडे तर तो स्वतःच म्हणाला, "बा, तापाले लागली, झाड पाह्य." ते वाक्य हिरासिंगनं पुढं कितीतरी दिवस मनात घोळवलं.

महिनाभर त्यानं गाडीचा अभ्यास केला. उतारावर उभी केली की हवा लवकर जाते, सपाटीवर दम धरते. ऊन चढायच्या आत ती खुशीत असते. मागे येत नाही, तर तोंड रस्त्याकडे करूनच उभी करायची, म्हणजे मागे यायची वेळच येणार नाही. सुनील घरी होता. सकाळी बाप-लेक गाडीपाशी चहा प्यायचे. बबिता कुडाच्या भिंतीला नव्यानं माती लावत होती, आणि जाणारी बाई भिंतीला माती लावत नाही असं हिरासिंगनं स्वतःला समजावलं. एकदा सुनीलनं पुण्याच्या फोनवर "पाहतो दादा, इथंबी काम लागून राह्यलं" असं म्हटलेलं त्यानं कानानं ऐकलं. त्या दिवशी त्याला दोन भाकरी जास्त गेल्या.

पहिलं भाडं फुलसावंगीच्या किसनरावांचं. कापूस-तुरीची चांगली शेती, मुलगा नयनचं लग्न. नवरदेवाला मोठी गाडी पाहिजे होती. हिरासिंगनं त्यांच्या ओसरीवर बसून तिन्ही खोडी सांगितल्या. किसनराव हसले. "हिरासिंग, तुह्या हातचा बैल माह्याकडं म्हातारा झाला. तू सांगतलं ना, बस. सांभाळून घेऊ."

वैशाखातलं ऊन, नवरीचं गाव, अरुंद बोळ. वरात बोळात शिरली, बँडवाल्यांच्या मागे गाडी अर्धा तास गोगलगायीसारखी सरकत होती आणि तापत होती. हिरासिंग सुनीलच्या शेजारी बसून तापाच्या काट्यावर डोळा ठेवून होता. "बंद कर, गार होऊ दे," तो म्हणाला. पण पुढून बँड, मागून माणसं, मधे थांबायचं कसं? मंडप चार हातांवर आला आणि समोरून पाण्याचा टँकर बोळात घुसला. टँकरवाला हॉर्न देऊन म्हणाला, "मागं घ्या." गाडी मागं येईना. सुनीलनं गिअर टाकून पाहिला, पुन्हा टाकून पाहिला. खालून करकर आवाज आला आणि झाकणातून वाफ उठली. बँड थांबला. पाहुणे कोट काढून गाडी ढकलायला लागले, आणि तेवढ्यात हवेनंही दगा दिला. गाडी नवरदेवासकट, फुलांच्या माळांसकट, भर बोळात खाली बसली. आता ती ढकलताही येईना.

हिरासिंग खाली उतरला आणि सवयीनं गाडीच्या तोंडापुढे उकिडवा बसला. बोनेटवर हात ठेवून तो गोरबोलीत, आपल्या तांड्याच्या बोलीत, तिला काहीबाही सांगत होता. पोरांनी मोबाईल काढले. नयन शेरवानी सावरत दार उघडून उतरला आणि ड्रेनेजच्या कडेकडेनं मंडपात पायी गेला. किसनराव एका शब्दानं बोलले नाहीत. उलट संध्याकाळी ठरलेलं भाडं हिरासिंगच्या खिशात कोंबून म्हणाले, "होते असं, मनाले लावून घेऊ नको." शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तो व्हिडिओ तालुकाभर फिरला. बैलवाला गाडीला समजावतो आहे. लोक हिरासिंगला हसले, त्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. पण व्हिडिओत मागे स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसलेला सुनील दिसत होता. ते डोकं हिरासिंगच्या डोळ्यांपुढून हलेना. सुनीलनं दुसऱ्याच दिवशी भावाला फोन लावला. आवाज हळू ठेवायचीही त्याला गरज वाटली नाही.

"अजून एक मोसम..." हिरासिंग म्हणाला.

"बा, तू बसशीन हिच्याजवळ. मी कायले बसू?" सुनील रागानं बोलला नाही. थकल्यासारखा बोलला.

जायच्या दिवशी हिरासिंगनं हट्ट धरला की महागावपर्यंत तरी आपल्या गाडीतून चला. सकाळ होती, गारवा होता, ही तिची खुशीची वेळ. सामान आधीच डिकीत ठेवलं. सुनीलनं किल्ली फिरवली. घरघर झाली, मागचा भाग वर आला, गाडी पुढच्या गुडघ्यांवर थांबली. आणि थांबूनच राहिली. इंजिन चालू, मागचं अंग वर, तोंड मातीत.

असे अडकलेले बैल हिरासिंगनं किती उठवले होते! छातीखालून पोतं घालायचं, चार माणसांनी दोन्हीकडून धरायचं आणि एका दमात उचलायचं. तो पोतं घेऊन आला आणि तांड्याकडे तोंड करून ओरडला, "रामधन! ए प्रेमसिंग! या रे, हात लावा!" रामधन पुण्यात होता. प्रेमसिंग हैदराबादकडे होता. त्याला माहीत होतं, तरी नावं तोंडातून गेली. तांड्यातून फक्त म्हातारी रुपीबाई काठी टेकत दारापर्यंत आली आणि तिथंच उभी राहिली.

सुनीलनं गाडी बंद केली. उतरून त्यानं बापाच्या हातातलं पोतं घेतलं, घडी केली आणि बाजूला ठेवलं. "बैल नाही होय ते, बा."

"माहीत आहे मले," हिरासिंग म्हणाला.

मग रिक्षा बोलावली. डिकीतलं सामान काढून रिक्षात घातलं. बबितानं पाया पडताना सुखीबाईचे हात सोडले नाहीत, शेवटी सुखीबाईनंच ते सोडवले. रिक्षा वळणाआड गेली तेव्हा गाडीचं मागचं अंगही हळूहळू खाली आलं होतं.

पुसदहून एक मेकॅनिक येऊन पाहून गेला. जे लागतं ते गाडीहून महाग पडेल म्हणाला. मग कोणी आलं नाही. पाऊस आला, चाकांमधून गवत वर निघालं. आधी कोंबड्या गाडीखाली बसायच्या, आता तेवढी जागाही राहिली नव्हती. हिरासिंग रोज सकाळी तिच्याजवळ जाऊन बसायचा. बैलापाशी बसताना त्याला कधी एकटं वाटलं नव्हतं. इथं वाटायचं. बैल श्वास घेतो, कान हलवतो, आज नाही तर उद्या ओळख देतो. हिनं ओळख दिली नाही. देणार नव्हती. हे त्याला त्या बोळात उकिडवं बसल्या-बसल्याच कळलं होतं.

पोळ्याच्या दिवशी सुखीबाईनं पुरण घातलं. दारात बैल नाही तर कशाला, असं हिरासिंग म्हणाला, पण तिनं घातलं. दुपारी सुनीलचा फोन आला. बायको-लेकीची खुशाली सांगून झाल्यावर त्यानं विचारलं, "बा, गाडी उठली का?"

हिरासिंगनं गाडीकडे पाहिलं. पुढच्या काचेवर रेड्याच्या कातड्यासारखा चिखल वाळला होता.

"उठली," तो म्हणाला. "मागूनबी, पुढूनबी. एकदम चांगली उभी राह्यली."

चुलीपाशी बसलेल्या सुखीबाईनं मान वर केली. उभ्या जन्मात या माणसाच्या तोंडून असलं काही तिनं ऐकलं नव्हतं. फोनवर थोडा वेळ नुसती गाड्यांची घरघर ऐकू येत होती. हिरासिंग दोन्ही हातांनी फोन कानाशी धरून वाट पाहत होता.

"बरं झालं," सुनील म्हणाला. त्याच्या आवाजात खरंच आनंद होता. "मंग आता गिऱ्हाईक पाह्य आन इकून टाक, बा. पोरीचं नाव इथं शाळेत टाकलं आम्ही. आन आयक, गिऱ्हाइकाले खोडी सांगत बसू नको."

"हाव," हिरासिंग म्हणाला. "नाही सांगत."

फोन बंद झाला. सुखीबाई पदराला हात पुसत दारात आली.

"खोटं काहून सांगतलं?" तिनं विचारलं.

त्यानं फोन खिशात टाकला.

ती त्याच्या शेजारी टेकली. तिनंच हळूच विचारलं, "मंग? येतो म्हने का?"

"नाही म्हने," हिरासिंग म्हणाला.