नानांनी पारखलेला ससा

जनावराची पारख रक्तातच असावी लागते, असं आमच्या खानदेशात मानतात. माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे नानांच्या, रक्तात ती होती. शिंदखेडा तालुक्यात कुणाला बैलजोडी घ्यायची झाली, की आधी नानांना गाडीत बसवून बाजारात नेत. नाना बैलाचे दात बघत, खूर बघत, शेपटी पिरगाळून त्याला चालवत आणि शेवटी मान हलवत. त्या मानेवर सौदा ठरे.

म्हणून माझ्या मुलीसाठी दुसरा ससा घ्यायला निघालो तेव्हा नाना सोबत होते.

पहिला ससा जळगावच्या एका दुकानातला. पाटीवर 'पाळीव प्राणी मार्गदर्शन केंद्र' असं लिहिलेलं. ससा शिंकत होता. मालक म्हणाला, "एसीमुळे होतं साहेब, घरी थांबेल." घरी तिसऱ्या दिवशी ते थांबलं. आठ वर्षांची माझी मुलगी त्याला गाजर भरवत बसली होती. तो मेलाय हे तिला सांगायला मला अर्धा तास लागला. त्यानंतर तिची एकच अट होती: या वेळी न मरणारा ससा आणायचा.

एरंडोलजवळ एका अक्कांची सशांची शेड आहे असं कळलं होतं. पिंजरे स्वच्छ, खाली कोरड्या, गोल लेंड्या. अक्कांनी मुलीला शेजारी बसवून शिकवलं, "पुढच्या पायांची आतली बाजू बघ. सर्दी झालेला ससा तिथंच नाक पुसतो. तिथली लव कोरडी असली की ससा ठणठणीत."

मुलीनं एकेकाचे पाय तपासले आणि एक तपकिरी ससा निवडला. कोरडे पाय, लख्ख डोळे. तो तिच्या मांडीवर बसून फ्रॉकचं बटण चावू लागला.

काम झालं होतं. फक्त नानांची मान हलायची राहिली होती.

"आन इकडे," म्हणत त्यांनी त्याला कान धरून उचललं.

"नाना, कान नका धरू! खालून हात द्या!" अक्का ओरडल्या.

"अक्का, चाळीस वरीस बैल पाह्यात मी. हाऊ ते बैलना कानएवढा शे."

अंगठ्यानं त्यांनी जबडा उघडून दात पाहिले. मग सवयीनं शेपटीकडे हात नेला. सशानं हवेत एकदाच मागचे पाय झाडले. सुकी काडी मोडावी एवढाच आवाज झाला. खाली ठेवल्यावर तो पुढच्या दोन पायांवर मुलीकडे निघाला, मागचं अंग फरफटत.

जावयानं सासऱ्याला बोलायचं नसतं. हे कारण सोयीचं आहे, म्हणून अजून वापरतो.

नानांनी सशाकडे नीट पाहिलं आणि मान हलवली. "येना कंबरमा खोड शे, जवाईबापू. बरं झायं, लेवाना आगोदर समजनं."

अक्का ससा उचलून शेडमागे गेल्या आणि हात धुऊन परत आल्या. "दुसरा बघ, बाई," त्या मुलीला म्हणाल्या. मुलगी गाडीत जाऊन बसली.

धुळ्याच्या रस्त्यानं डिकीत रिकामा पिंजरा वाजत होता. पारोळा मागे पडल्यावर तिनं विचारलं, "नाना, बैलांनापण तुम्ही असंच उचलता?"

नानांनी थोडा विचार केला.

"बैलले कोनी उचलत नही, बेटा."