ज्याच्याकडं गेलं त्याच्या नावे

मी शिवणकामाचं दुकान टाकलं तेव्हा मला वाटायचं, संध्याकाळी गल्ल्यात उरतं ते आपलं. मुकुंदवाडीत आतल्या गल्लीला भाड्याची खोली होती, शिलाईच्या दोन मशीन होत्या, आणि भिंतीला तयार ब्लाऊज टांगलेले असायचे. काम भरपूर होतं. लग्नसराईत जेवायलाही सवड मिळायची नाही. त्याच गल्ल्यातून मी दोरे आणायचे, अस्तर आणायचे, घरची भाजी घ्यायचे आणि मुलीची फीही भरायचे. वर्ष सरलं की हाती काय लागलं ते मात्र सांगता यायचं नाही. नवरा शेंद्र्याच्या कंपनीत. तो कधी टोचून बोलणारा माणूस नाही, पण एकदा जेवताना सहज म्हणाला, "तुझं दुकान चालतंय, का नुसती तू पळतीयेस?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून मी हिशेबाच्या वर्गात नाव घातलं.

वर्ग औरंगपुऱ्यात, एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, दुपारी भरायचा. एकट्यानं धंदा करणाऱ्यांना वही लिहायला शिकवणारा वर्ग. कॉमर्स शिकवून निवृत्त झालेल्या एक मॅडम शिकवायच्या. फरसाणवाले, पंक्चरवाले, झेरॉक्सवाले असे सगळे पुरुषच. बायका दोघी. एक मी, आणि दुसरी किराडपुऱ्यात मिरची-मसाला कुटायचं यंत्र, म्हणजे डंक, चालवणारी एक बाई. ती पंख्याखाली बसली की तिच्या ओढणीतून मिरचीचा भुगा उडायचा आणि बाकावर शेजारी बसलेला माणूस शिंकायला लागायचा. दुसऱ्या दिवशी त्यानं जागा बदलली आणि ती जागा मी घेतली. ती माझ्याहून मोठी, माहेर सिल्लोडचं. मी तिला आपा म्हणायला लागले. मी लहान असूनही ती मला ताई म्हणायची.

पहिल्याच आठवड्यात तिचं मॅडमशी वाजलं. मॅडमनी फळ्यावर लिहिलं की गिऱ्हाईकानं रोख पैसे दिले तर रोकड खातं नावे.

"ओ मॅडम, पैसा आला तर जमा ना?" आपा उभी राहिली. "नावे तर उधारी असते. माझ्या सासऱ्यानं जिंदगीभर असंच लिहिलं."

सगळे हसले. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुम्ही तुमची छत्री शेजारणीला दिली, तर ती कुणाच्या नावावर राहिली?"

"शेजारणीच्या."

"तसंच. पैसे आले, तुम्ही ते गल्ल्याकडं सोपवले. आता ते गल्ल्यानं सांभाळायचे. ज्याच्याकडं गेलं त्याच्या नावे. ज्याच्याकडून आलं त्याचं जमा."

आपा खाली बसली आणि माझ्या कानात म्हणाली, "गल्ला पण माणूसच आहे म्हण की." त्या दिवसापासून माझी नावे-जमेत कधी गल्लत झाली नाही.

मग एके दिवशी मॅडमनी सांगितलं, दुकान वेगळं आणि मालक वेगळा. आपण दुकानात घातलेलं भांडवल हे दुकानाचं आपल्याला देणं असतं. आपण घरासाठी जे काढतो, मग ते पैसे असोत की माल, ती आपली उचल. ती खर्चात लिहायची नाही, भांडवलातून वजा करायची.

"म्हंजे डंक माझा देणेकरी?" आपा म्हणाली. "आन् आजपर्यंत मेल्यानं मला एकदा सलाम नाय केला!"

मला मात्र हसू आलं नाही. मी विचारलं, "मॅडम, मी सकाळपासून मान मोडून शिवते. माझ्या मजुरीचा खर्च कुठं लिहायचा?"

"कुठंच नाही," मॅडम म्हणाल्या. "मालकाची मजुरी खर्चात धरत नाहीत. ती नफ्यातूनच मिळायची." मी वहीत डोकं घालून बसले. आपानं बाकाखालून माझा हात दाबला.

मॅडमचं म्हणणं असं, की स्वतःचा हिशेब लिहिताना माणूस स्वतःशीच खोटं बोलतं, तेव्हा सरावाला एकमेकांचे हिशेब लिहा. शुक्रवारी आपाचा डंक बंद असायचा. त्या दुपारी मी किराडपुऱ्यात जायचे. ती चहा ठेवायची, मी विचारत जायचे आणि लिहीत जायचे. विजेचं बिल खर्चात. डंकाचा नवा पट्टा दुरुस्तीत. नणंदेला पाठवलेली हळद उचलीत.

"तीपण लिहायची? पाव किलो तर होती!"

"लिहायची. हळद दुकानाची होती."

"लई कडक आहेस गं तू. बाहेरून ब्लाऊज शिवणारी, आतून तहसीलदार."

सोमवारी ती माझ्या दुकानात यायची. गिऱ्हाईक आलं की मी माप घ्यायला उठायचे, ती मशीनच्या फळीवर वही ठेवून लिहीत राहायची. एकदा महिनाअखेरीला तिनं माझं उचलीचं पान काढून बोट ठेवलं आणि वाचायला लागली. भाजी, फी, गॅस, सासूबाईंची औषधं. शेवटपर्यंत वाचून तिनं मान वर केली.

"ताई, ही तर घरच्यांची उचल झाली. तुझी कुठं आहे?"

"हीच की माझी."

"तुझी म्हंजे तुझी. तू काय घेतलंस?"

मी खूप आठवलं. काहीच नव्हतं. त्या वेळी मला सुईत दोरा ओवायला त्रास व्हायचा, दोरा ओठांनी ओला करकरून मी वैतागायचे, आणि ते तिनं पाहिलेलं होतं. तिनं मला उठवलं, कुलूप लावायला लावलं, आणि आम्ही रिक्षानं शहागंजला चष्मेवाल्याकडं गेलो. जवळचा आणि लांबचा, दोन्ही नंबर निघाले. चष्मा लावून बाहेर पडले तर समोरच्या घड्याळाच्या मनोऱ्याचे काटे मला स्वच्छ दिसले. इतकी वर्षं मी त्या रस्त्यानं जात होते.

परत येताना रिक्षात आमचा वाद झाला. मी म्हणाले, चष्मा शिवायलाच लागतो, तो दुकानाचा खर्च. ती म्हणाली, बिलकुल नाय, उचल. वाद मॅडमपर्यंत गेला. मॅडमनी विचारलं, "लग्नाला जाताना चष्मा काढून जाणार आहात का?" मी नाही म्हणाले. "मग उचल." आपा अख्ख्या वर्गासमोर उठून उभी राहिली आणि म्हणाली, "लिहा! ताईनं पहिल्यांदा स्वतःसाठी काही घेतलं."

वर्ग संपला तरी आमचे शुक्रवार-सोमवार चालूच राहिले. हिशेब तासाभरात व्हायचा, बाकीचा वेळ बोलण्यात जायचा. ती तिच्या आईचं बोलायची, सिल्लोडच्या घरामागं मिरच्या वाळत घातलेल्या असायच्या ते सांगायची. मी माझ्या माहेरचं, करमाडचं सांगायचे. लग्नानंतर मला मैत्रीण अशी नव्हतीच. शेजारणी होत्या, जावा होत्या, गिऱ्हाईक होतं. आपल्याकडं कुणी काही काम नसताना बघावं, हे मी विसरून गेले होते.

मग आम्ही एक बेत केला. चिकलठाण्याकडं शेजारी-शेजारी दोन गाळे रिकामे होते. एकात डंक, एकात शिलाई. मॅडम म्हणाल्या, "भागीदारी नका करू. धंदे वेगळे आहेत, वह्या वेगळ्या ठेवा." आपा म्हणाली, "वह्या वेगळ्या, चहा एक." आम्ही गाळे बघून आलो. मधल्या भिंतीला एक खिडकी पाडू द्यायला मालक तयार होता. मी म्हणाले, तुझी मिरची माझ्या ब्लाऊजवर उडाली तर नवरी मांडवात नाचेल. ती इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं.

होकार कळवायचा तेवढा राहिला होता, आणि सिल्लोडहून निरोप आला. तिची आई न्हाणीत पडली, कंबरेचं हाड मोडलं. भाऊ नाही, बहीण दूर. आपाचा नवरा एसटीच्या वर्कशॉपमधून नुकताच निवृत्त झाला होता. त्या दोघांनी सिल्लोडला राहायला जायचं ठरवलं.

"थोड्या दिवसांसाठी?" मी विचारलं.

"नाय गं. अम्मीला आता कायमच माणूस लागणार."

डंक लासूर स्टेशनचा एक जण घेऊन गेला. तो नेल्यावर खोली धुऊन काढलेली होती. त्या खोलीत पहिल्यांदाच मला ठसका लागला नाही, आणि तेच मला सहन होईना. आम्ही जमिनीवर चटई टाकून शेवटचा हिशेब लिहिला. धंदा बंद करताना कसं लिहायचं ते मॅडमनी शिकवलं होतं. वस्तू विकायच्या, देणी द्यायची, उरलेलं मालकाच्या हवाली करायचं. एकेक खातं मिटत गेलं. पट्ट्यांचं, विजेचं, पोत्यांचं. सगळ्यात शेवटी भांडवल खातं. मी दोन्ही बाजूंची बेरीज केली, खाली दोन रेघा ओढल्या. बाकी काही उरली नाही.

"जमलं?" तिनं विचारलं.

"जमलं."

"मग तोंड का असं करतेस? बरोबर आलंय ना?"

मी वही मिटली. ती उठली, चहाची पातेली शोधायला लागली, आणि पातेली बांधाबांधीत गेलीये हे आठवून तशीच उभी राहिली.

चिकलठाण्याचा गाळा मी एकटीनं घेतला नाही. मुकुंदवाडीतच राहिले. दुकान नीट चालतं. हिशेब मी रोज संध्याकाळी लिहिते, आणि नवऱ्यानं आज विचारलं तर मला उत्तर देता येतं. आता एक मुलगी हाताखाली आहे. तिचा पगार खर्चात लिहिते. पण सोमवारी दुपारी पायरीवर चप्पल वाजली की अजूनही माझी मशीन थांबते.

फोन होतात. पण फोनवर बोलायला विषय लागतो, आणि आमचं सगळं बोलणं विषयाशिवायचं होतं.

गेल्या हिवाळ्यात मी सिल्लोडला गेले. न कळवताच गेले. आपानं घराच्या पुढच्या खोलीत छोटी गिरणी टाकली आहे. मका, हळद, मिरची, सगळं दळते. नेमका बाजाराचा दिवस होता. दारात डबे-पिशव्यांची रांग लागलेली. मला बघून ती ओरडलीच, धावत आली, पिठाच्या हातांनी तिनं माझे दोन्ही गाल धरले. मग लगेच कुणीतरी हाक मारली.

मी आत तिच्या आईजवळ बसले. म्हातारी खाटेवर उशीला टेकून होती. तिनं माझा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. तिला मी कोण ते माहीत होतं. "तूच ना ती, हळद लिहून ठेवणारी?" ती म्हणाली.

आपा मधूनमधून आत डोकावायची. "जेवलीस का गं?" "भाजी अजून घे." "बस, आलेच." पण रांग हटत नव्हती. ऊन कलायला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला एका नवरीचे ब्लाऊज द्यायचे होते. मी उठले.

म्हातारी म्हणाली, "आज राह. रात्री गिरणी बंद झाल्यावर बोला दोघी पोटभर."

"काम आहे, अम्मी. परत येईन."

गिरणी थांबवून आपा स्टँडपर्यंत आली. बस लागलेली होती. तिनं विचारलं, "वर्षाचा हिशेब कोण बघतं तुझा?"

"मीच."

"माझापण मीच," ती म्हणाली.

बस सुटली. रस्त्यानं कापसाच्या गाड्या येत होत्या, खिडकीतून गार वारा लागत होता. फुलंब्रीपर्यंत मी स्वतःला समजावत होते, की नवरीचे ब्लाऊज होते, जाणं भाग होतं. फुलंब्रीला बस थांबली. पलीकडच्या बाजूला सिल्लोडकडं जाणारी बस उभी होती, तिचं दार उघडंच होतं. कंडक्टर खाली उतरून "सिल्लोड, सिल्लोड" ओरडत होता. मी पिशवी उचलून मांडीवर घेतली. मग आमची बस हलली, आणि मी बसूनच राहिले.