वायरकाकांचा रिकामा चौकोन

वायरकाकांना कोरी जागा बघवत नसे. कुठलाही अर्ज हाती आला की त्यातला एकूण एक रकाना भरल्याशिवाय पेन खाली ठेवायचं नाही, हा त्यांचा खाक्या. 'घरात पाळीव प्राणी असल्यास तपशील' या रकान्यात एकदा त्यांनी लिहिलं होतं, 'नाही, पण पाल नियमित येते.' बोलण्यातही तेच. समोरचा श्वास घ्यायला थांबला की तेवढ्या फटीत काका एक सल्ला बसवून द्यायचे. लेक लहानपणी म्हणायची, बाबांशी बोलायचं तर स्वल्पविराम घ्यायची सोय नाही.

काकांचा उभा जन्म टेलिफोन खात्यात तारा जोडण्यात गेलेला. त्यामुळे तारेतून येतं ते खरं आणि हवेतून येते ती अफवा, अशी त्यांची सरळ विभागणी होती. ते निवृत्त झाल्यावर काकूंनी पुढच्या खोलीत भरतकामाचं मशीन घेतलं, लॅपटॉपवर चालणारं. ते जोडायच्या कामाला काकांनी कुणाला हात लावू दिला नाही. लॅपटॉपला वायर लावायची जागा एकच होती, ती मशीनने अडवली. मग इंटरनेटसाठी नाइलाजाने वायफाय घ्यावं लागलं. त्याचा डबा काकांनी कपाटावर ठेवला आणि येता-जाता त्याच्याकडे संशयाने बघायला सुरुवात केली.

तिथून रड सुरू झाली. मशीनची वायर लावली की नक्षी चालायची, पण इंटरनेट गुडूप. वायर काढली की इंटरनेट यायचं, पण मशीन जागच्या जागी थांबायचं, कारण नक्षीचा एकेक टाका लॅपटॉपमधून येत होता. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. लेक दूरच्या शहरात नोकरीला. तिची सवड आणि आईचं काम यांची वेळ नेमकी एकच. ती व्हिडिओ कॉल करणार म्हटलं की काका वायर उपटायचे, तिचा चेहरा दिसायचा, दोन वाक्यं होत नाहीत तोच काकूंची हाक यायची की शाळेच्या बिल्ल्यावरचा सिंह अर्धा लटकलाय. वायर परत आत, लेक गायब. मधेच थांबलेली नक्षी पुन्हा तंतोतंत जुळते थोडीच? बिनशेपटीचे सिंह इतके साठले की काकूंनी त्यांची पायपुसणी केली.

साधा फोन होता की, असं कुणीही म्हणेल. होता, दोघांकडेही बटणांचा. पण त्यावर लेक 'सगळं ठीक' याच्यापुढे जात नसे. तिचं खरं काय ते काकूंना चेहऱ्यावरूनच कळायचं, आणि हल्ली जेवढा दिसला तेवढा तो उतरलेला होता.

एक दिवस लेकीने त्याच साध्या फोनवर बजावलं, रविवारी दुपारी दोघंही नीट बसा, मला काही सांगायचंय, आणि या वेळी मधेच जाऊ नका. घरात काळजीचं सावट पसरलं. त्यात सोमवारी सकाळी शाळेला बिल्ले पोचवायचे होते. मशीन थांबवायची सोय नव्हती. काकूंनी नवऱ्यावर आवाज चढवला नाही, हेच जास्त वाईट.

"अहो, मला सिंहही पुरा हवाय आणि पोरगीही पुरी दिसायला हवी," त्या म्हणाल्या. "जन्मभर लोकांची बोलणी जोडलीत. आता घरचं एक जोडा."

हे काकांना लागलं. त्यांनी वायर बदलून पाहिली, वायफायचा डबा कपाटावरून टेबलावर आणला, त्याला दोन शब्द सुनावले. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी रविवारी सकाळी त्यांनी हात टेकले आणि मशीन दुरुस्त करणाऱ्या बाईंना फोन लावला. बाईंनी लॅपटॉपवर वायरच्या जोडणीची माहिती उघडायला सांगितली आणि एकेक चौकोन वाचायला लावला. लॅपटॉपचा पत्ता, म्हणजे जोडणीतला त्याचा नंबर, बरोबर होता, खालचे आकडेही बरोबर. मग आला 'गेटवे' नावाचा चौकोन. त्यात मशीनचा पत्ता लिहिलेला होता. बाईंनी विचारलं, हे कुणी लिहायला सांगितलं?

"कुणी नाही," काका म्हणाले. "चौकोन रिकामा होता."

पलीकडून खोकल्याची उबळ ऐकू आली. बाई बहुधा हसू आवरत होत्या. मग त्यांनी समजावलं, की लॅपटॉपला जो पत्ता ओळखीचा नसतो त्याची चौकशी कुठे करायची, ते या चौकोनात असतं. वायर आणि वायफाय दोन्ही असले की लॅपटॉप आधी वायरला मान देतो. म्हणजे बाहेरच्या जगाचं सगळं काम तो मशीनकडे पाठवत होता.

घोडं कुठे पेंड खात होतं ते काकांना लख्ख दिसलं. जुन्या एक्स्चेंजमध्ये परगावचा कॉल ऑपरेटरकडे जायचा. त्यांनी एका सुईदोऱ्याच्या मशीनला साऱ्या जगाचा ऑपरेटर नेमून टाकलं होतं. लेकीचा कॉल सुईपाशी जात होता, आणि सुईला सिंहापलीकडे काही ठाऊक नव्हतं. बिचारं वायफाय फुकट बदनाम झालं.

आता तिथे काय लिहू, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, काहीच नाही, पुसा आणि कोरं ठेवा. मशीनचं काम वायरने जाईल, बाकी सगळं वायफायने.

निदान एक शून्य टाकू का, असंही काकांनी विचारून पाहिलं. बाई नको म्हणाल्या. त्यांनी पुसलं. तो पांढरा चौकोन बघताना त्यांच्या बोटांना अक्षरशः कंड सुटली होती.

दुपारी पुढच्या खोलीत मशीन खडखडत होतं, वायर जागेवर होती आणि पडद्यावर लेक अख्खी दिसत होती. काकूंचा जीव भांड्यात पडला, पण चेहरा बघून पुन्हा वर आला.

"मी नोकरी सोडलीये," लेक म्हणाली. "केव्हाचीच. दर वेळी सांगायला यायचे आणि दर वेळी तुम्ही जायचात. मला वाटायला लागलं होतं, तुम्हाला ऐकायचंच नाहीये."

आणि ती थांबली. पुढचं तिला जमेना.

काकांच्या जिभेवर रांग लागली होती. का सोडलीस, विचारायचं तरी, आता पुढे काय, माझ्या ओळखीचा एक आहे. आजवर ते सगळं धाडकन बाहेर पडलं असतं. पण आपल्यामुळे पोर इतके दिवस हे एकटी घेऊन बसली, या विचाराने त्यांना गलबलून आलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले. खोलीत नुसता मशीनचा आवाज राहिला.

लेक घाबरून पडद्याजवळ आली. "बाबा? आवाज येतोय ना? गेलात का पुन्हा?"

"इथेच आहे," काका म्हणाले. "तू बोल."

मागे एका सिंहाची शेपटी पुरी झाली आणि मशीन दुसऱ्याकडे वळलं. लेकीने डोळे पुसले आणि ती बोलायला लागली, सावकाश, सगळे स्वल्पविराम घेत.