दाजींचा डोळे मिटायचा तास

आमच्या दाजींइतका उतावळा माणूस सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पालथे घातले तरी दुसरा सापडायचा नाही, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगायला तयार आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. पेशानं प्राथमिक शाळेतले मास्तर. जेवताना यांचा पहिला घास गिळून व्हायच्या आत दुसरा हातात तयार. चहा निवायची वाट बघणं कधी जमलं नाही, त्यामुळे जीभ बारा महिने भाजलेली. माझ्या लग्नाच्या एकाही फोटोत दाजी नीट आलेले नाहीत, कारण फोटोग्राफर "जरा थांबा" म्हणेपर्यंत ते पंगतीकडे निघालेले असत. समोरचा माणूस बोलायला लागला की त्याचं वाक्य हेच पुरं करणार, आणि तेही हमखास चुकीचं. एकदा शेजारचे अण्णा दारात येऊन म्हणाले, "मास्तर, आमच्या थोरल्याचं..." "ठरलं का! वा वा! अगं, साखर आण!" दाजी आत बघून ओरडले. अण्णा बिचारे साखर हातात घेऊन म्हणाले, "उद्या अपेंडिक्सचं आपरेशन हाय."

अशा माणसावर पोरांना शांत बसायला शिकवायची वेळ यावी, याला काय म्हणायचं! पण तीही त्यांनी स्वतःच्या हातानं ओढवून घेतली होती. दाजींची नोकरी साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हसवडच्या पुढं एका वस्तीवरच्या शाळेत. घर मात्र सांगली जिल्ह्यात, आष्ट्याला, माझ्या किराणा दुकानापासून हाकेच्या अंतरावर. आठवडाभर म्हसवडला भाड्याच्या खोलीत राहायचं आणि शनिवारी एसटीनं घरी यायचं, असं कित्येक वर्षं चाललेलं. एकदा साहेबांनी मास्तरांच्या बैठकीत विचारलं, "प्रशिक्षणाला कोण..." आणि दाजींचा हात वर! कसलं प्रशिक्षण हे नंतर कळलं. मुलांच्या मनाच्या आरोग्यासाठी योगासनं, श्वास आणि सजगता. साताऱ्याला जाऊन आले ते एक गुंडाळलेली चटई काखेत मारूनच.

मग आमचे हाल सुरू झाले. दर रविवारी पहाटे दाजी पुढच्या सोप्यात मांडी घालून, डोळे मिटून बसायचे आणि तिथूनच सगळ्या घराचा कारभार हाकायचे. "मी ध्यानात आहे. पण ते दूध उतू चाललंय बघा. आणि मोटर बंद करा कुणीतरी." अक्का म्हणायची, "आवं, तुमी ध्यान करताय का राखण?" एसटीत त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं की प्रत्येक श्वासाकडे लक्ष ठेवून गाडी चालवावी. तो मागं न बघता म्हणाला, "गुर्जी, मी श्वासाकडं बघतो, तुमी म्होरच्या ट्रॅक्टरकडं बघा."

आणि बेदाण्याचा प्रयोग तर माझ्याच दुकानात झाला. एकच बेदाणा तोंडात ठेवायचा, चावायचा नाही, नुसता जिभेवर घोळवत त्याच्याकडे लक्ष द्यायचं, असं त्यांना प्रशिक्षणात शिकवलं होतं. आमच्या जिल्ह्यात माणसं बेदाणा मुठीनं तोंडात टाकतात! ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी दाजींनी माझ्यासकट चौघा-पाचजणांच्या तोंडात एकेक बेदाणा ठेवला आणि गप्प उभं केलं. बाहेरून आलेल्या एका म्हाताऱ्यानं तेलाचा भाव विचारला, तर कुणीच बोलेना. सगळे गाल फुगवून त्याच्याकडे बघत राहिले. म्हातारा घाबरून पायरी उतरला. आणि दाजी? त्यांनी स्वतःचा बेदाणा कधीच गिळला होता आणि दुसऱ्यासाठी बरणीत हात घातला होता.

शाळेत हे नाटक दोन दिवसांत बंद पडेल अशी माझी खात्री होती. वस्तीवरची पोरं बहुतेक मेंढपाळांची. काहींचे आईबाप मुंबईला, पोरं आज्याआजीजवळ. दाजींनी त्यांना परिपाठाच्या वेळी डोळे मिटायला लावले आणि "श्वासाकडं बघा" म्हणून सांगितलं. पोरं एक डोळा उघडून त्यांच्याकडे बघत होती, आणि हे एक डोळा उघडून पोरांकडे. शेवटी कंटाळून म्हणाले, "बरं, श्वास ऱ्हाऊ दे. कानाला काय काय ऐकू येतंय तेवढं सांगा." झालं! माळावरची पोरं ती, त्यांचे कान केवढे तिखट. "सर, वड्याच्या पल्याड कुत्रं भुकतंय." "सर, लांब येस्टीनं गिअर टाकला." "सर, तुमच्या पोटात गुरगुरतंय." त्या दिवसापासून रोज सकाळी तो खेळ सुरू झाला. आधी लांबचे आवाज ऐकायचे, मग जवळचे, मग स्वतःचा श्वास. पोरांनी त्याला नाव दिलं, डोळे मिटायचा तास. तास कसला, दहा मिनिटंसुद्धा नसतील. पण त्या दहा मिनिटांत दाजी गप्प बसत, हे मला त्यांच्या शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका बाईंनी शपथेवर सांगितलं होतं.

त्या शाळेत तिसरीला कोमल नावाची मुलगी होती. आईबाप मुंबईला हमाली करायचे, ही आज्याआजीकडे. कुणाशी फार बोलायची नाही. राग आला, रडू आलं, आईचा फोन येऊन गेला, की स्वतःच्याच मनगटाला कडकडून चावायची. मनगटावर कायम दातांचे वळ. आजीनं तिला मारून पाहिलं, अंगारा लावून पाहिला. दाजींनी काय सांगितलं माहीत आहे? "चावावंसं वाटलं की डोळं मीट, पोटावर हात ठेव, आन पोट कसं वरखाली हुतंय ते बघत बस. तरीबी न्हाई ऱ्हावलं तर चाव. मी रागावनार न्हाई." एवढंच. पुढे एके दिवशी भर बाजाराच्या वेळी दुकानात त्यांचा फोन. "पावणं, मनगट बरं झालं!" मी घाबरून विचारलं, "काय झालं मनगटाला? पडला का काय?" "माझं न्हाई हो, कोमलचं! आज आपनहून दाखवलं तिनं. एक वळ न्हाई!" आणि मी काही बोलायच्या आत फोन ठेवूनही दिला. आमचे दाजी!

आणि नेमकी त्याच वर्षी त्यांची बदली झाली. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात बदली मिळणं किती कठीण, हे मास्तरांच्या घरच्यांना विचारा. दाजींनी वर्षानुवर्षं अर्ज केले होते, अक्कानं नवस बोलले होते, आणि एका दुपारी मोबाईलवर आदेश येऊन पडला, शाळा आष्ट्यातलीच. अक्कानं गल्लीभर पेढे वाटले. दाजी मात्र माझ्या दुकानातल्या पोत्यावर येऊन बसले. "पावणं, आनखी एक वर्स ही बदली हुकली असती तर काय बिघडत हुतं? कोमल चौथी तरी झाली असती." पण ते नाही कसे म्हणणार? त्यांची आई अंथरुणाला खिळलेली, तिचं सगळं करून करून अक्काचे गुडघे गेलेले, आणि एकदा हुकलेली बदली पुन्हा कधी मिळेल याचा भरवसा नाही. चूक कुणाचीच नव्हती. पण निरोपाच्या दिवशी सगळी पोरं रडली, आणि कोमल तेवढी कोपऱ्यात पोटावर हात ठेवून डोळे मिटून बसली होती, एवढं सांगून दाजी उठून गेले.

आष्ट्याची शाळा मोठी, बागायती गावातली. इथं पालकांना शिष्यवृत्तीचा निकाल हवा, म्हणून चौथीपासूनच परिपाठ संपला रे संपला की पोरांच्या हातात प्रश्नसंच. दाजींनी डोळे मिटायच्या तासाचं नाव काढलं तेव्हा मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "सर, कल्पना चांगलीय, पण परीक्षा होऊ दे की." बाई काही वाईट नव्हत्या. आधीचे दाजी असते तर दुसऱ्या दिवशी न विचारता पोरांना मैदानात बसवून मोकळे झाले असते. पण माणला रोज पोरांबरोबर बसून बसून या माणसात खरंच फरक पडला होता. चहा निवू द्यायला लागले होते. समोरच्याचं ऐकून घेत होते. "बघू, हुईल सावकाश," असं चक्क दाजी म्हणाले! आम्ही घरात बसून किती हसलो त्याला.

दिवाळीनंतर माणकडची मेंढरं आमच्या कृष्णाकाठाला उतरतात. शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवतात, आणि एक रान झालं की तळ पुढच्या रानाला हलतो. त्या वर्षी एका रविवारी गावाबाहेरच्या रानात दाजींना एक कळप दिसला, आणि मेंढरांमागं हातात काठी घेतलेली कोमल. आजी वारली होती. आईबाप मुंबईलाच, एकट्या पोरीला घरी कुणापाशी ठेवायची, म्हणून आज्यानं बरोबर घेतलेली. दाजींना बघून ती हसली आणि हात पाठीमागं लपवला. तेवढ्यात दाजींनी बघायचं ते बघितलं. मनगटावर ताजे वळ होते. दाजींनी आज्याच्या हातापाया पडून तिला सोमवारी शाळेत आणलं. इथं तळ असेपर्यंत दाजींच्याच चौथीच्या वर्गात बसेल, बाईंनीही हो म्हटलं.

परिपाठ संपला, पोरांनी प्रश्नसंच उघडले, आणि कोमलनं पोटावर हात ठेवून डोळे मिटले. शेजारची दोन पोरं खुसूखुसू हसली तशी तिनं डोळे उघडून इकडंतिकडं बघितलं. मधल्या सुट्टीत ती दाजींच्या खुर्चीजवळ आली. "सर, हितं डोळं कवा मिटायचं?"

दाजी म्हणाले, "उद्या. उद्या सकाळी मिटू."

शाळा सुटल्यावर ते बाईंपुढं जाऊन उभे राहिले आणि सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "अहो, मग आधी नाही का बोलायचं? दहा मिनिटांनी काय आभाळ कोसळतंय! मीसुद्धा बसते उद्या." रात्री दाजी आमच्याकडे जेवले. पोरासारखे खुशीत होते. कोमललाच पुढं बसवणार, तीच सगळ्यांना शिकवणार, असं दहादा तरी सांगून झालं.

सकाळी मी मोटारसायकल घेऊन त्यांच्याबरोबर शाळेत गेलो. कोमल अजून आली नव्हती. त्यांनी चौथीच्या पोरांना मैदानात ओळीनं बसवलं. "डोळं मिटा, पोटावर हात ठेवा. आता कालची ती नवी मुलगी येनार हाय, म्होरचं ती सांगंल," म्हणाले आणि माझ्या मागं बसले. "चला पावणं, तिला घिऊन यिऊ."

रान मोकळं होतं. लेंड्या पडलेल्या होत्या आणि तीन दगडांच्या चुलीत राख. रानमालक बांधावर दात घासत होता. "पहाटंच हालली की ती. कऱ्हाडाकडं गेली का शिराळ्याकडं, इचारलं न्हाई बगा मी." आज्याचा मोबाईल लावला तर बंद. मी म्हटलं, दाजी, बसा, दोन्ही रस्त्यांनी बघून येऊ. ते चुलीशी उभे होते. "पावणं, आयुष्यात एकदा धीर धरला रं मी. काल सकाळीच बसवायचं हुतं तिला. कोन अडवनार हुतं मला?" मी गाडी सुरू केली. कऱ्हाडच्या रस्त्यानं जरा पुढवर जाऊन आलो, शिराळ्याच्या अंगाला दोघातिघांना विचारलं. कळप काही दिसला नाही. लहान पोरगी बघितल्याचं कुणी सांगेना.

परत आलो तेव्हा शाळेचं फाटक उघडंच होतं. एवढी पोरं असून मैदानातून आवाज कसला तो नाही. मला वाटलं वर्गात गेली असतील. गेली नव्हती. मैदानात ओळीनं तशीच बसलेली होती, डोळे मिटून, पोटावर हात ठेवून. बाई खुर्चीवर, त्यांचेही डोळे मिटलेले. डोळे उघडा असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते सांगायचं काम दाजींचं होतं. दाजींनी दोनदा तोंड उघडलं आणि मग व्हरांड्याच्या खांबाला धरून उभे राहिले, आणि पोरं बसून राहिली, ती नवी मुलगी येईल आणि पुढचं सांगेल म्हणून.