पांढऱ्या फांदीची रोपं

रोपवाटिकेत तिला सगळे कुंचलेवाली म्हणत. गुलबक्षीची फुलं दुपार कलल्यावर उमलतात. त्याआधी कळी उकलून आतले पुंकेसर खुडायचे, दुसऱ्या झाडाचा पराग कुंचल्याने लावायचा आणि वर कागदी टोपी चढवायची, हे तिचं काम. थोडक्यात, ती फुलांची लग्नं जमवत असे. माणसांच्या लग्नांपेक्षा ते बरं, रुसवेफुगवे नसत.

तिथल्या एका गुलबक्षीला काही फांद्या हिरव्या होत्या, काही ठिपक्यांच्या, तर एक नखशिखांत पांढरी. मालकाला पांढऱ्या रोपांचा सोस. त्या फांदीच्या फुलांना तो धडधाकट हिरव्या झाडाचा पराग लावायला सांगे. बाप तगडा असला की पोर तगतं, हे त्याचं शास्त्र. रोपं दरसाल दुधासारखी उगवत आणि बीमधली शिदोरी संपली की माना टाकत. पानांचा रंग आईकडूनच येतो, बाप कोणीही असो, हे कुंचलेवालीला केव्हाच उमगलं होतं. फांदी तेवढी जगे, शेजारच्या हिरव्यांच्या जिवावर. तिने मालकाला तसं सांगितलं. तो म्हणाला, यंदा बाप बदलून बघू. ती पदराआड हसली.

तिच्या भावाची नजर ऐन विशीत गेली होती. पुढे तिच्या थोरल्या मुलाचीही गेली. डॉक्टरांनी समजावलं, हा दोष आईकडूनच उतरतो. मुलगी स्वतः बहुधा वाचते, पण तिच्या मुलांना धोका राहतोच. बापाचा त्यात काही हात नसतो. कुंचलेवालीने समजूतदारपणे मान डोलावली आणि घरी येऊन लेकीसाठी असं स्थळ शोधलं, जिथे आजोबासुद्धा बिनचष्म्याने सुईत दोरा ओवत. लेकीला डॉक्टरांचं काही सांगितलं नाही. मामाचे आणि दादाचे डोळे तापाने गेले, एवढंच घरात ठरून गेलं.

लेक सातव्या महिन्यात माहेरी आली. एके दुपारी ती आईचा डबा घेऊन रोपवाटिकेत गेली, तेव्हा पांढरी रोपं ट्रेमध्ये माना टाकू लागली होती.

“किती गोड आहेत गं. मरतात कशाने?”

“आई पांढरी आहे त्यांची.”

“आणि बाप?”

“हिरवागार,” कुंचलेवाली सवयीने बोलून गेली.

लेकीने माना टाकलेल्या रोपांवरून बोट फिरवलं. तिचा हात पोटावर गेला.

“मामाचे डोळे. मग दादाचे. तापाने नाही ना गेले?”

कुंचलेवाली कुंचला पुसत राहिली. तो आधीच स्वच्छ होता.

“सांगितलं असतं, तर तू लग्न केलं नसतंस.”

“केलं असतं, आई. त्यांना सांगून केलं असतं.”

तेवढंच बोलून ती निघाली. तोवर फुलं उमलायला लागली होती आणि पांढऱ्या फांदीला टोप्या घालायच्या राहून गेल्या होत्या. कुंचलेवालीने डबा उघडला. लेकीने दोघींचं जेवण भरून आणलं होतं.