रेसकारचा खांदा

आमच्या शिक्षणसंस्थेच्या सचिवांना ज्या दिवशी जुनी गाडी सापडली, त्या दिवशी त्यांना आजोबाही नव्यानं सापडले. तोवर आजोबांचा फोटो कॉलेजच्या स्टोअर रूममध्ये, व्हॉलीबॉलच्या फाटक्या जाळीमागे उभा होता. गाडी सापडल्यावर तो पुसला गेला, त्याला हार पडला आणि तो प्राचार्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर आला.

गाडी निघाली सिहोऱ्याकडच्या त्यांच्या बंद पडलेल्या धानगिरणीत. शेड पाडायला मजूर लावले होते. मागच्या भिंतीशी कोंड्याचा ढीग होता. तो उपसताना आधी एक चाक दिसलं, मग लांबलचक बॉनेट, मग मागे निमुळती होत गेलेली शेपटी. दारं नाहीत, छप्पर नाही, दोन माणसं अंग चोरून बसतील एवढीच जागा. नागपूरहून जुन्या गाड्यांचे एक जाणकार आले. त्यांनी हात मागे बांधून गाडीभोवती फेऱ्या मारल्या आणि सांगितलं की ही विलायतेत शर्यतीसाठी बनवलेली गाडी आहे. एवढं त्यांचं बरोबर होतं. पुढचं सगळं त्यांनी गाडीकडे न बघता सचिवांच्या चेहऱ्याकडे बघून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. मी त्या कॉलेजात इतिहास शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवायला प्राध्यापक, आणि बाकी वेळ कोणीच नाही.

"मॅडम, तुम्ही हिस्ट्रीच्या," सचिव म्हणाले. "आमच्या आजोबांनी या गाडीत रेस जिंकली होती. तेवढं व्यवस्थित लिहून द्या. गाडी पोर्चमध्ये काचेत ठेवायची आहे, बाजूला मोठा फलक लावू."

"कोणती रेस, सर?"

"ते तुम्ही शोधा ना. त्यासाठीच तर तुम्हाला सांगून राहिलो." मग ते खुर्चीत मागे टेकले. "पोळ्याच्या आधी तुमच्या विषयाच्या कायम जागेच्या मुलाखती आहेत. हातासरशी तेही होऊन जाईल. शेवटी तुम्ही आपल्याच."

'आपल्याच' या शब्दाचा अर्थ मला नीट माहीत होता. मी त्यांच्याच शाळेत शिकले, त्यांच्याच कॉलेजातून पदवी घेतली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. या संस्थेची मी ऋणी आहे, आणि हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. गावापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर शाळा नसती, तर मी आज कोणाच्या तरी बांधीत रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करत असते. पण ऋण एकदा मानलं की भागत नाही, असा सचिवांचा समज होता. ते त्यांना हजेरीसारखं रोज हवं असायचं.

त्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. ते लहानपणापासून नागपुरात वाढले, गिरणीत त्यांचं कधी पाऊल पडलं नाही. मी मात्र ती गाडी बघताच ओळखली. आमच्या घरात तिला कोणी गाडी म्हणत नसे. तिचं नाव 'इंजिन' होतं, आणि माझे वडील ते चालवायचे.

मागची बाजू उचलून लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेली. एका मागच्या चाकाचा टायर काढून त्या उघड्या रिंगवरून पट्टा धान भरडायच्या हालरला नेलेला. बाबा आधी थोडं पेट्रोल घालून इंजिन सुरू करायचे आणि तापलं की राकेलवर टाकायचे. गिरणीत विजेची मोटार येईपर्यंत आसपासच्या गावांचं धान त्याच इंजिनानं भरडलं. कुठंही न जाणारी गाडी दिवसभर धावत असायची. तिनं कधी शर्यत केली असेल, हे आम्हाला स्वप्नातही वाटलं नसतं.

तरीही मी शोधायला निघाले. मला इतिहास शिकवला गेला होता आणि मला तो खरंच आवडतो. शिवाय मला ती जागा हवी होती. सचिवांचे आजोबा त्या भागाचे मालगुजार, म्हणजे जमीनदार. ते खरंच जिंकले असते तर मी आनंदानं लिहून दिलं असतं.

सिहोऱ्यात म्हाताऱ्या माणसांना विचारलं की ती हसायची आणि एकमेकांकडे बघायची. "पटाची गाडी म्हनता का?" एवढं म्हणून विषय बदलायची. शंकरपट, म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत. तिचा आणि विलायती गाडीचा काय संबंध, ते मला कळेना. शेवटी एका बाईनं सांगितलं, "दिघोरीले जा. ज्याईची जोडी होती, त्याईच्या घरी इचार."

दिघोरी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. त्या काळी नावाजलेल्या जोड्या पटासाठी तिथून एवढ्या दूर यायच्या. त्या जोडीच्या मालकाचे नातू आता स्वतःच पिकलेले आजोबा होते. ओसरीत खाटेवर बसले होते. मी विचारलं, मालगुजारांची गाडी कधी शर्यतीत उतरली होती का.

"उतरली होती ना. पटात. आमच्या बुढ्याच्या जोडीसंगं."

"मग कोण जिंकलं?"

त्यांनी मान वळवून घरात हाक दिली. "आयकलं का वो? मास्तरीनबाई इचारून राहिली, कोन जितला म्हनून." आतून बायकांचं हसू आलं. मग ते माझ्याकडे वळले. "खानीवरचा गोरा साहेब गाव सोडून चालला होता. त्याच्यापासून घेतली मालगुजारानं ती गाडी. लय मिजास. म्हने, बैलायले काय पयता येते, मी दाखवतो. सोता बसला आत, फेटा गिटा बांधून."

"मग?"

"मंग काय. पटाची वाट कशी असते? नांगरून, पानी मारून मऊ केली असते, बैलायच्या खुराले लागू नये म्हनून. तिथं ते बारके चाकं. अर्ध्यात फसली. चाकं फिरून राह्यले, चिखल उडून राह्यला साऱ्यायच्या धोतरावर, अन् हा आत बसून भोंगा वाजवून राह्यला."

"कोणी आधी सांगितलं नाही, वाट मऊ आहे म्हणून?"

"मालगुजाराले?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू एवढी शिकूनही ही बाई रिकामीच राहिली. "मालगुजाराले कोनी सांगत असते का, बाई? तो जे म्हनन ते वा वा."

गाडी बाहेर कशी निघाली, हे त्यांनी सगळ्यात शेवटी सांगितलं, चवीनं. जोडी पल्ला गाठून परत आली. त्याच जोडीला गाडी जुंपली. समोरच्या लोखंडी दांड्याला दोर बांधला. दांडा वाकला, पण गाडी निघाली. बक्षीस काय मिळालं, असं मी विचारलं.

"भेटलं ना. मालगुजाराचं कुरन इकडंही होतं. ते साल त्यात आमच्या बैलायले चराई बंद."

मी परत आले आणि आधी गाडीचा समोरचा दांडा बघितला. तो मधोमध वाकलेला होता, बाहेरच्या बाजूला. जाणकारांनी आपल्या अहवालात लिहिलं होतं, 'शर्यतीत झालेल्या जोरदार टकरीची खूण'. टकरीनं दांडा आत जातो, एवढं समजायला कोणाला नागपूरहून यावं लागत नाही. अहवालात आणखीही एक शोध होता. मागच्या चाकाच्या आसाभोवती चिकट, पिवळसर थर सापडले होते. जुन्या काळी शर्यतीच्या गाड्यांना वंगण म्हणून एरंडेल घालत. सबब ही गाडी भरपूर शर्यती धावली आहे, असा निष्कर्ष. सचिवांनी तो मला दोनदा वाचून दाखवला.

घरी आले तेव्हा माय अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होती. मी तिला सगळं सांगितलं, मुलाखतीचंही. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"देऊन टाक ना लिहून. काय जाते तुहं? तो मालगुजार मेला, ते बैल मेले. जितला म्हन. कोनाचं पोट दुखते?"

"खोटं लिहू?"

"सारेच लिहतात. तुलेच काहून एवढं लागते? पोस्ट तं भेटन."

मला राग आला नाही. माझी दरवर्षीची नवी ऑर्डर, उन्हाळ्यात तीही नसणं, तिनं माझ्याइतकंच भोगलं होतं. मी हसत हसत एरंडेलाचं सांगितलं, तिलाही हसू येईल म्हणून. सूप थांबलं.

"कोनतं तेल म्हनते?"

"एरंडेल. मागच्या आसावर सापडलं म्हणे."

"ते माह्या घरचं तूप होय," माय म्हणाली.

मग मला आठवलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलाचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला तूप-हळद लावायची, पळसाच्या पानानं चोळायची, उद्या जेवायला ये म्हणून आवतन द्यायचं. आमच्या घरी बैल नव्हता. आम्हाला इंजिन पोसायचं, म्हणून बाबा माईला घेऊन गिरणीत जायचे. इंजिनाचा खांदा कुठला, यावर पहिल्या वर्षी गिरणीत बराच वाद झाला होता म्हणे. कोणी म्हणे बॉनेट, कोणी म्हणे स्टिअरिंग. बाबांनी निकाल दिला, जिथं पट्ट्याचा जोर पडतो तो खांदा. तेव्हापासून दरवर्षी मागच्या आसाला माईच्या हातचं तूप-हळद.

"तुम्हा भावंडायच्या भातावर कधी वाढलं नाई ते तूप," माय म्हणाली. "तुहे बाबा म्हनत, पोट तं हे भरते, पहिला मान त्याचा. अन् आता एरंडेल म्हनून राह्यले? मी काय इंजिनले जुलाब देल्ला होता?"

ती पुन्हा पाखडायला लागली, जोरात. थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता म्हणाली, "काय लिहाचं ते लिही. पर तूप तूप म्हनूनच लिही."

मी लिहिलं. चांगलं लिहिलं, असं मला अजून वाटतं. खाणीवरचा साहेब, पट, मऊ वाट, जोडी, दोर, बाहेर वाकलेला दांडा, गिरणी, तूप. कोणाची टिंगल केली नाही. सचिवांनी ते वाचलं आणि खणात ठेवलं. बोलले ते थेट मुलाखतीत, बाहेरून आलेल्या दोन विषयतज्ज्ञांसमोर.

"या मॅडमनी आमच्या घराण्याचा इतिहास लिहिला आहे," ते म्हणाले. "यांच्या मते आमचे आजोबा बैलांकडून हरले."

तज्ज्ञांपैकी एकाला हसू आलं. ते त्यानं खोकल्यात घातलं.

"हो सर, हरले," मी म्हणाले. "पण त्यामुळेच त्यांनी गाडी वाड्याच्या बैठकीसमोरून उचलून गिरणीत नेली. जिंकले असते तर ती दसऱ्याला पुसायची वस्तू राहिली असती. हरले म्हणून गिरणीला इंजिन मिळालं, माझ्या वडिलांना काम मिळालं, मी शिकले. त्यांच्या हरण्याचे माझ्यावर फार उपकार आहेत."

हे मी अगदी मनापासून म्हणाले. खरं तर त्या खोलीत आजोबांची त्याहून चांगली बाजू कोणीच मांडली नसती. पण सचिवांना आजोबा हवेच नव्हते. त्यांना फलक हवा होता.

"म्हणजे तुम्ही आमचे नाही, बैलांचे उपकार मानता," ते म्हणाले.

"बैलांचेही मानते, सर."

माझी निवड झाली नाही. ज्यांची झाली, त्यांनीच फलकाचा मजकूर लिहिला. त्यात मालगुजार 'मध्य प्रांतातील अजिंक्य मोटारवीर' आहेत. अजिंक्य म्हणायला काही हरकत नाही. त्यांच्याशी दुसऱ्यांदा कोणी शर्यत लावलीच नाही. समोरचा दांडा ठोकून सरळ केला आहे. त्यामुळे आता टक्करही गेली आणि बैलही गेले. आसावरचा पिवळा थर खरवडून एका छोट्या काचेच्या बरणीत ठेवला आहे, खाली चिठ्ठी, 'मूळ रेसिंग तेल'. नवे प्राध्यापक विद्यार्थ्यांना ओळीनं उभं करून ती बरणी दाखवतात. माझे तास अजून आहेत. इतक्या कमी खर्चात इतिहास शिकवणारं दुसरं कोणी त्यांना मिळालं नसावं.

माईला बरणी बघायची होती. मी तिला एका दुपारी पोर्चमध्ये नेलं. तिनं काचेला नाक लावून बराच वेळ बघितलं. शिपाई म्हणाला, "हात नका लावू, मावशी, किमती आहे ते."

"मले माहीत आहे किमती आहे," माय म्हणाली.

त्यानंतर आठवड्याभरातच पोळा आला. आदल्या संध्याकाळी मी कॉलेजातून आले, स्कूटी अंगणात लावली आणि हातपाय धुवायला गेले. परत येऊन बघते तर माय वाटीत तूप-हळद आणि पळसाचं पान घेऊन स्कूटीपुढे बसली होती.

"हिचा खांदा कोनता?" तिनं विचारलं.

मी मागचं चाक दाखवलं. तिनं आसाला हळूहळू, दाबून तूप चोळलं, जसं दुखऱ्या अंगाला चोळतात. उद्या जेवायला ये म्हणून आवतन दिलं. मग उरलेलं तूप बोटानं निपटून माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, "खाऊन घे. हे तुहं."

दुसऱ्या दिवशी स्कूटी पुसायला गेले आणि फडकं बाजूला ठेवलं. तो पिवळा डाग आसावर आहे तसा आहे. पुढं कधीतरी कोणी जाणकार येईल, तो खरवडेल, आणि मी या रस्त्यांवर किती शर्यती जिंकले ते जगाला सांगेल.